कुंभ राशीची काळी गाडी

बुलढाणा,
९ जानेवारी २०२४

ती. सुचितामावशीस,

फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर मी सगळ्याला हो म्हणून टाकते आणि नंतर आठवडाभर खंत करते. शिवाय पत्राची सवय तूच लावलीस. दम्यामुळे मी चौथीपर्यंत शाळेत गेले नाही, तेव्हा तू दोन वर्षं आमच्या घरी राहून मला शिकवलंस आणि पाढ्यांपेक्षा पत्रंच जास्त लिहून घेतलीस. तुझी लाल पेन्सिल अजून आठवते. अक्षर चुकलं तर तू काही म्हणायची नाहीस. मी काही गाळलं असेल तिथे मात्र गोल करायचीस.

तर, आमची मोठी काळी गाडी बाबा तुझ्या 'ओसरी' संस्थेला देणार आहेत. तुझ्याकडचे डायलिसिसचे पेशंट वरवट बकालहून शेगावला एसटीने उभे राहून जातात, असं तू दिवाळीच्या पत्रात लिहिलं होतंस. गाडी सात माणसांची आहे. जे आहे ते सांगते. मागच्या डाव्या दारावर चार इंचांचा ओरखडा आहे. वरची काच उघडते, पण बंद करताना हाताने दाबावी लागते. मधल्या सीटवर उजवीकडे श्रीखंडाचा डाग आहे. चालकाच्या सीटमध्ये पाठ रगडायची सोय आहे, ती आपोआप सुरू होते. डिझेल फार पिते. मालकी बदलाच्या दोन्ही फॉर्मवर मी बाबांच्या सह्या घेतल्या आहेत.

बाबांच्या काही इच्छा आहेत. गाडी शनिवारीच द्यायची, दुपारी बाराच्या आत. किल्ली तू स्वतः दोन्ही हातांनी घ्यायची. आमच्या घरचं कोणी तुझ्याकडे चहापाणी घेणार नाही, आणि शाल, नारळ, हारतुरे काही नकोत. निघताना कोणी मागे वळून पाहणार नाही. ते मनावर घेऊ नकोस.

का देताहेत, असं विचारशील. बाबांना वाटलं, समाजासाठी काही करावं.

तुझी हिमानी


वरवट बकाल,
१४ जानेवारी २०२४

चि. हिमानी,

मी जुनी व्हॅन मागत फिरत होते आणि तू हत्तीण पाठवते आहेस. हत्तिणीला चारा कुठून आणायचा ते बघू, पण आनंद झाला हे आधी लिहिते.

आमच्याकडे खाऱ्या पाण्याने किडनी गेलेली माणसं आता नऊ झाली. त्यातले शेषराव तुला आठवतील, पूर्वी हायस्कूलमध्ये शिपाई होते, मी तुला संस्था दाखवायला आणलं तेव्हा त्यांनी बोरं दिली होती. मंगळवार आणि शनिवार त्यांची पाळी असते. जाताना एसटीत जागा मिळते, येताना मिळत नाही. चार तास मशीनला लावलेला माणूस दांड्याला धरून उभा येतो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, एकही पाळी चुकायला नको.

तेव्हा शनिवार २० ला या. चहा न घेणारे पाहुणे मला नवीन नाहीत, आमदार सगळे मधुमेही असतात.

तुझ्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याभोवती गोल केला आहे. 'बाबांना वाटलं.' लक्ष्मीकांतभाऊजींना मी तीस वर्षं ओळखते. त्यांना काय काय वाटलेलं मी पाहिलंय, त्यात हे नव्हतं.

मावशी


वरवट बकाल,
२२ जानेवारी २०२४

चि. हिमानी,

तो गोल मी मागे घेते. माणसाला ओळखते म्हणणं हा उद्धटपणा असतो.

तुला ताप आला म्हणून तू आली नाहीस, म्हणून जसं झालं तसं लिहिते. भाऊजी पुढे नवी गाडी आणि मागे जुनी घेऊन अकराला आले. काय ती साधी माणसं! मी खुर्च्या मांडल्या होत्या, बसले नाहीत. तानुबाईने, म्हणजे आमच्या स्वयंपाकीणबाईने, पाणी पुढे केलं. तुझ्या आईने हात पुढे केला होता, भाऊजींनी तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि तिने मागे घेतला. इतका कडक निःस्वार्थीपणा मी तरी पाहिला नाही.

आणि एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. गाडीला त्यांनी आदल्या दिवशी तेल लावून चकचकीत केलं होतं. किल्ली देण्याआधी ते बॉनेटवर वाकून बराच वेळ आपला चेहरा पाहत राहिले.  इतकी वर्षं वापरलेली वस्तू, डोळे भरून आले असणार. मी टाळ्या वाजवल्या. गाव मात्र गप्प उभं होतं. गहिवरलं असावं.

आमचा ड्रायव्हर भागवत त्या पाठ रगडणाऱ्या सीटवर बसला आणि म्हणाला, "मॅडम, आता मले लगन नाही केलं तरी जमते."

कागदपत्रं झाली की मंगळवार ३० पासून गाडी सुरू.

मावशी


बुलढाणा,
२७ जानेवारी २०२४

ती. मावशी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बरं वाटलं.

टायरची हवा पस्तीस ठेवायची. पावसाळ्याआधी मागचे दोन बदलावे लागतील. वायपर उजवीकडचा करकरतो.

डिकीत गालिच्याखाली एक काळ्या फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा राहिला आहे. तो कोणी उघडू नये. तसाच विहिरीत किंवा नदीत टाकून द्यावा. त्यात महत्त्वाचं काही नाही.

आता ताप नाही. म्हणजे तेव्हाही फार नव्हता.

हिमानी


वरवट बकाल,
५ फेब्रुवारी २०२४

हिमानी,

डबा उघडला. काळे उडीद, सात खिळे, घोड्याची नाल. पण तुझ्या डब्याआधीच मला सगळं कळलं होतं. गावाला तर २० तारखेलाच कळलं होतं.

मंगळवारी सकाळी अकराला गाडी दारात उभी. शेषराव आणि त्यांची बायको आले आणि गाडीपासून दहा पावलांवर थांबले.

"मॅडम, मी यष्टीनंच जातो."

"का हो? ही तुमच्यासाठीच तर आहे."

ते एसटीच्या वेळेचं काहीतरी पुटपुटले. शेवटी तानुबाईच पदराला हात पुसत बाहेर आली. "बाई, तुमाले खरंच समजलं नाही का वं? काळी गाडी, शनवार, बाराच्या आत. तेलात तोंड पाह्यलं त्यानं. पानी पेला नाही, मांगं वळून पाह्यलं नाही. हे शनीचं दान हाय. त्याची साडेसाती त्यानं आपल्या दारात आनून सोडली. अख्ख्या गावाले समजलं, तुमाले एकट्याले टाळ्या वाजवाची घाई!"

माझ्या माहेरी देवघरच नव्हतं, त्यामुळे हे मी कधी पाहिलं नव्हतं, ही माझी सबब. चौतीस वर्षं मुलांना वाचायला शिकवलं आणि समोरचं मला वाचता आलं नाही.

त्या दिवशी फक्त धम्मशीला बसली. ती अंगणवाडीत आहे, तिचीही मंगळवार-शनिवारची पाळी असते. तिच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. ती म्हणाली, "आमच्या घरचा शनी छप्पन सालीच उतरला, मॅडम. चाला भागवतभाऊ. एवढी मोठी गाडी न् एकटी मी, पाय लांब करून जातो मस्त."

ती हसतखेळत परत आली. मी शेषरावांच्या बायकोला म्हटलं, बघा, काही झालं का? तर ती म्हणाली, "तिचं काय, तिले चालते." या 'चालते'मध्ये काय काय आहे ते मी लिहीत नाही. तुला कळेल.

शेषराव एसटीने गेले. येताना शेगावच्या स्टँडवर चक्कर येऊन पडले, कपाळाला तीन टाके पडले. परवाच्या शनिवारी ते गेलेच नाहीत. "आंगात तरान नाही," म्हणाले. आज पाय सुजले आहेत.

तुझं ९ जानेवारीचं पत्र सोबत परत पाठवते. गोल तसाच आहे. आता लिही.

मावशी


बुलढाणा,
८ फेब्रुवारी २०२४

ती. मावशी,

मी सगळं लिहिते.

बाबांची कुंभ रास. साडेसातीतली मधली अडीच वर्षं चालू आहेत. डिसेंबरात त्यांचा पाय मुरगळला, अमडापूरच्या शेतातली मोटर जळाली आणि पतसंस्थेच्या अध्यक्षपदाला समोरून दुसरा उमेदवार उभा राहिला. त्यांनी महादेवराव जोशींना बोलावलं. मी तिथेच बसले होते, कारण टिपून घ्यायला मीच असते.

महादेवराव म्हणाले, "रोजच्या वापरातलं लोखंड द्या. तवा द्या. थोडे उडीद, तेल. झालं."

बाबा म्हणाले, "तवा? आमच्या घरून तवा गेला तर चौकात तोंड काय दाखवू मी?"

"शनी वजन पाहत नाही हो, लक्ष्मीकांतराव."

"शनी नसंल पाहत, लोकं पाह्यतात ना."

त्याच आठवड्यात नवी गाडी यायची होती. शोरूमवाल्याने जुनीची जी किंमत सांगितली ती ऐकून बाबांना अपमान वाटला होता. तेवढ्यात महादेवराव म्हणाले की गाडी हेही लोखंडच, आणि रंग काळा म्हणजे तर उत्तमच. मग बाबांना समाजाची आठवण झाली. तुझं दिवाळीचं पत्र मीच वाचून दाखवलं, मावशी. संस्थेचं नाव मीच सुचवलं. मला वाटलं, शनीचं शनी पाहील, माणसं तर बसून जातील. मी ताप आल्याचं सांगितलं, कारण तुझ्यासमोर उभी राहिले असते तर बोलून गेले असते.

बाबांना काल सांगितलं की तुम्ही एकदा जाऊन त्या गाडीत बसा, म्हणजे लोकांची भीती जाईल. ते म्हणाले, "अन् ते आलं परत घरी म्हंजे? अठराला इलेक्शन हाय!" महादेवरावांनी ताकीदच दिली आहे: देणाऱ्याच्या घरच्या कोणीही घेणाऱ्याच्या घरी अन्नपाणी घेतलं आणि दिलेली वस्तू पुन्हा वापरली, तर दान फिरतं आणि सगळं जिथून निघालं तिथे परत येतं. आई तुझ्याकडचं पाणी प्यायली नाही ते म्हणूनच.

मी शनी मानत नाही. म्हणजे, मानत नाही असं मी मानते. शनिवारी नखं कापत नाही, एवढंच.

शेषरावांच्या पायांबद्दल वाचल्यापासून मला जेवण जात नाही. काय करू ते सांग.

हिमानी


वरवट बकाल,
१३ फेब्रुवारी २०२४

हिमानी,

गेल्या मंगळवारी शेषराव कसेबसे एसटीने जाऊन आले, पण शनिवारी गेले नाहीत आणि आजही नाहीत. चेहरा सुजला आहे, झोपले की श्वास लागतो. डॉक्टर म्हणाले, हा शनिवार चुकला तर पुढच्या मंगळवारचं मला विचारू नका. मी विनवण्या केल्या, रागावले, भाड्याची गाडी आणते म्हटलं. ते म्हणतात, दारात ते उभं असेपर्यंत कोणत्याही गाडीत बसलो तरी तेच.

काय करायचं ते विचारतेस. तुझं ८ तारखेचं पत्र परत पाठवते. दुसऱ्या पानावर ताकिदीच्या वाक्याभोवती गोल आहे. लाल नाही, निळा. तिथे तू काही गाळलेलं नाहीस, उलट सगळं लिहिलं आहेस. पुन्हा वाच.

शनिवारी तानुबाई वांग्याचं भरीत करणार आहे.

मावशी


बुलढाणा,
२५ फेब्रुवारी २०२४

ती. मावशी,

त्या शनिवारनंतर लिहायला आठ दिवस लागले. कारण पुढे कळेल.

जेवण कसं झालं ते तू पाहिलंसच, पण माझ्या बाजूने ते कसं होतं ते लिहिते. मी खामगावला गाडी बदलून येईपर्यंत धीट होते. पण ताट वाढलं आणि दारात अर्धं गाव उभं राहून माझ्या घशाकडे पाहू लागलं, तेव्हा पहिला घास खाली उतरेना. मनात येत होतं, उद्या बाबा पडले तर? पाय पुन्हा मुरगळला तर? मग तानुबाई म्हणाली, "पानी बी पे वं पोरी, सुकं नको गिळू." मी प्यायले, आणि मागून कोणीतरी म्हणालं, "फिरलं!" त्यानंतर मला खरंच भूक लागली.

मधल्या सीटवर, श्रीखंडाच्या डागावर मीच बसले. शेषरावांनी चढताना चपला खाली काढून ठेवल्या, देवळात ठेवतात तशा. भागवतने त्या उचलून आत घेतल्या. निघताना तानुबाईने गाडीला नाही, मला हात जोडले आणि ओरडून सांगितलं, "गेला बाप्पा, बुलढाण्याले गेला!" वाटेत शेषराव हळू आवाजात म्हणाले, "पोरी, तुह्या बापाले माहीत हाय का हे?"

"सांगणार आहे."

"मंग राह्यशीन कुठं?"

"घरीच."

 धम्मशीला मागच्या सीटवरून म्हणाली, "न्हाईच जमलं तं ये आमच्याकडं. आमच्यात शनी येत नाही, पावने येतात."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, बाबा निवडून आले. एकशे अकरा मतांनी. चौकात बॅनर लागला, त्यात बाबांपेक्षा गाडीचा फोटो मोठा आहे. भाषणात म्हणाले, "समाजाला दिलं की समाज देतो." मी टाळ्या वाजवल्या. मग तीन दिवस पाहुण्यांना चहा दिला आणि दर कपाला, आता सांगते, असं ठरवून पुढच्या कपावर ढकललं.

बुधवारी सांगितलं. बाबांनी आधी विचारलं, "कोन्या वारी?"

"शनिवारी."

"कितीला?"

"साडेअकराच्या आधी. जेवून निघालो."

ते खाली बसले आणि बोटांवर मोजू लागले. शनिवारी शनी घरी परत आला. निवडणूक रविवारी. म्हणजे ते जिंकले तेव्हा शनी आमच्याच घरी होता. त्यांनी लगेच महादेवरावांना फोन लावला. महादेवराव म्हणाले की शनी न्यायी आहे, कधी कधी देतोसुद्धा. आई सुरुवातीपासून या सगळ्यात एक शब्द बोलली नव्हती. ती हसत सुटली. म्हणाली, "मी तं त्याच दिवशी तवा काढून ठेवला होता. अजून पडवीत हाय."

त्या दिवसापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. ताट समोर आलं तर आईला सांगतात, "तिले म्हना, मीठ कमी हाय." काल त्यांनी तुझ्यासाठी चिठ्ठी लिहिली आणि पाकिटात घालायला माझ्याकडे सरकवली. उघडीच होती, म्हणून वाचली. सोबत आहे.

मावशी, त्यांनी जे विचारलं आहे त्याचं उत्तर तू त्यांना हवं तसं दिलंस, तर ते माझ्याशी आजच बोलतील. मला ते फार हवं आहे. म्हणूनच सांगते, तसं लिहू नकोस. गावात एकाला जरी कळलं, तर शेषराव पुन्हा उतरतील.

हिमानी

(सोबतची चिठ्ठी)

श्रीमती सुचिताताईंस, सप्रेम नमस्कार.

गाडी आपलीच आहे, त्याबद्दल शंका नसावी. ती आम्ही निव्वळ समाजकार्याच्या तळमळीने दिली आहे. फक्त एक खुलासा हवा. चि. हिमानीने आपल्याकडे पूर्ण जेवण केलं, की नुसती चव घेतली? जाणकारांचं मत आहे की चव घेतल्याने दान फिरत नाही. तरी केवळ चव घेतली असल्यास तसं लेखी कळवावं. संस्थेच्या लेटरहेडवर असल्यास उत्तम.

आपला,
लक्ष्मीकांत
नवनिर्वाचित अध्यक्ष


वरवट बकाल,
१ मार्च २०२४

चि. हिमानी,

भाऊजींसाठी दाखला सोबत आहे, लेटरहेडवर, शिक्का मारून. तुझ्यासाठी त्याची नक्कल इथे उतरवते:

'दाखला देण्यात येतो की, कु. हिमानी यांनी दि. १७ फेब्रुवारी रोजी, शनिवारी, सकाळी पावणेअकरा ते सव्वाअकरा या वेळेत संस्थेत बसून अडीच भाकरी, भरीत दोनदा, ठेचा, कांदा आणि एक वाटी ताक असे जेवण केले व दोन फुलपात्री पाणी प्यायले. त्यानंतर त्यांनी संस्थेच्या वाहनातून शेगावपर्यंत व परत प्रवास केला. चव घेतल्याचे कोणीही पाहिलेले नाही. साक्षीदार: तानुबाई (अंगठा), धम्मशीला (सही), भागवत (सही), शेषराव (सही).'

शेषरावांची सही थोडी वाकडी आहे, पण अंगावरची सूज उतरली आहे. चार पाळ्या ओळीने झाल्या. काल-परवापासून ते खिडकीच्या जागेसाठी धम्मशीलाशी भांडतात. ती म्हणते, "पह्यले मी बसली होती या गाडीत, तुमी तं पळत होते."  खिडकी तिलाच मिळते.

गाडीत आता सातही जागा भरतात. डिझेलचं काय, ते गावच्या दुकानदारांनी आळीपाळीने घेतलंय. तानुबाईने त्यांना सांगितलं, शनी गेला, पण कोण देतं ते पाहून गेला.

भाऊजींची चिठ्ठीही परत पाठवते. 'निव्वळ समाजकार्याच्या तळमळीने' याभोवती लाल गोल आहे. त्यांच्या समोर ठेव, काही बोलू नकोस. ते बोलतील. रागाने बोलले तरी तुझ्याशीच बोलावं लागेल, कारण गोल म्हणजे काय ते घरात तुलाच ठाऊक आहे.

तुझं पत्र मात्र पेन्सिल हातात घेऊन तीनदा वाचलं. कुठे टेकवता आली नाही.

आणि तुझ्या आईला, प्रेमलाताईला, विचार, पडवीतला तवा अजून तसाच असेल तर इकडे पाठवते का. पेशंट आणि सोबतची माणसं धरून आता सोळा जणांच्या भाकऱ्या असतात, एका तव्यावर तानुबाईची दुपार जाते. कोणत्याही वारी चालेल, बाराच्या नंतरही. फक्त जो कोणी घेऊन येईल त्याने जेवून जावं.

मावशी